ज्वारी आडवी पडली तेव्हा



हरिभक्तहो, फाल्गुन लागला की शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या माळकऱ्याचा एक डोळा पंचांगाकडे असतो आणि दुसरा आभाळाकडे. पंचांगाकडे अशासाठी की तुकाराम बीज आणि नाथषष्ठी जवळ आलेली असते. गावोगाव सप्ताहाचे मांडव पडतात. आभाळाकडे अशासाठी की याच दिवसांत रब्बीची ज्वारी पिकून रानात उभी असते. हस्ताच्या आगेमागे पेरलेली ही ज्वारी चार महिने थंडीवर आणि जमिनीतल्या ओलीवर वाढते, आणि नेमकी घरात यायच्या वेळेला अवकाळीच्या तावडीत सापडते.

ज्यांचे आयुष्य पुण्या-मुंबईत गेले त्या वाचकांसाठी थोडे थांबून सांगतो. कणसे मोडून घेतल्यावर ज्वारीचे जे वाळलेले धाट राहते त्याला कडबा म्हणतात. दाणा माणसाचा आणि धाट जनावराचे, अशी या पिकाची मूळचीच वाटणी आहे. कालव्याखालच्या गावांत ऊस आहे, हत्तीघास आहे, हिरवे कडवळ आहे. परंतु पाबळ, कान्हूर मेसाई, मलठण या बाजूला, किंवा दौंडात रोटी, जिरेगाव, कुसेगावच्या अंगाला पावसाचेच मान कमी. वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिथे चैत्र-वैशाखात गोठ्याला आधार कडब्याच्या गंजीचाच. हिशेब करून पाहा. मोठ्या जनावराला दिवसाला सहा किलो तरी सुका चारा लागतो. चार जनावरे असली तर रोजचे चोवीस किलो. फाल्गुनअखेरीपासून आषाढात नवे गवत येईपर्यंत चार महिने धरले, तर २८८० किलो होतात. म्हणजे जवळजवळ तीन टन कडबा गंजीत असला पाहिजे, तेव्हा ती चार तोंडे पुढचा पाऊस बघतात. असे हे तीन टन एका संध्याकाळी भुईसपाट होतात. म्हणून म्हणतो, शहरातल्या माणसाला वादळात झाड पडलेले दिसते. आमच्याकडे वादळात गोठा पडतो.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती काही वर्षांमागची. ती सांगताना मला माझाच एक अपराध सांगावा लागणार आहे, आणि तो सांगण्यासाठीच हे निरूपण लिहायला घेतले आहे.

घोड नदीच्या काठी एका गावात बीजेचा सप्ताह होता. हा सगळा मुलूख संतांचा. शिरूर तालुक्यात केंदूरला कान्हूराज पाठक झाले. शिरूरहून घोड ओलांडली की पारनेर तालुका, तिथे पिंपळनेरला तुकोबारायांचे शिष्य निळोबाराय. माणसे ऐकून ऐकून शहाणी झालेली. अशा गावात कीर्तन करताना बुवाने जपून बोलावे. मी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशीचे कीर्तन माझे होते. ओघात २०१४ सालच्या गारपिटीचा विषय निघाला. त्या साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात गारांनी रब्बी पिकाचा किती नाश केला ते वाचकांना स्मरत असेलच. तो दाखला देऊन मी भर कीर्तनात म्हणालो, "गावात अधर्म माजला म्हणजे आभाळातून दगड पडतात. गारा नव्हेत त्या, आपल्या पापाच्या राशी आहेत." मांडवात माना डोलल्या. टाळकऱ्यांनी गजर उचलला. सज्जनहो, खरे सांगतो, कीर्तनकाराला मान डोललेली दिसली की त्याची जीभ आणखी सुटते. मी त्याच सुरात पाव तास बोललो.

दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी उकाडा वाढला. नैर्ऋत्येकडून ढग उभे राहिले, डोंगरासारखे उंच. हरिपाठ सुरू होता होता वारा सुटला. मांडवाचा एक खांब निखळला. मग टपोरे थेंब, मग गारा, दहा-बारा मिनिटे. आणि पाठोपाठ तासभर पाऊस. वीणेकऱ्याला आम्ही देवळाच्या गाभाऱ्याजवळ उभे केले. सप्ताह बसला की वीणा खाली ठेवायची नसते हे वाचक जाणतातच. कीर्तन त्या रात्री देवळातच झाले, पण ऐकणाऱ्यांचे चित्त रानात होते, आणि बोलणाऱ्याचेही.

सकाळी काकड्याला निम्मी माणसे नव्हती. मी रानाकडे गेलो. काढणी झालेली रानं सोडली तर शिवारातली ज्वारी एका अंगाला लोळवल्यासारखी पडली होती. माणसाच्या डोक्यावर गेलेली मालदांडी, कणसं टिच्चून भरलेली, आणि सगळी पूर्वेकडे डोकं करून निजलेली. सऱ्यांतून पाणी उभे. एका बांधावर गावातले एक जुने माळकरी बसले होते. सत्तरीच्या पुढचे, एकतीस वाऱ्या पायी केलेले. त्यांच्या मालकीणबाई पलीकडे वाकून एकेक कणीस चिखलातून वर काढीत होत्या. मी म्हणालो, "बाबा, काकड्याला दिसला नाहीत."

ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बुवा, कोणत्या तोंडानं येऊ? परवा तुमीच सांगितलं का पापानं गारा पडत्यात. ह्यो शेजारचा बघा. ह्याची ज्वारी आठ दिसामागं निघाली, कडबा घरात गेला. त्यानं कधी माळ घातली न्हाई का एकादशी धरली न्हाई. त्याचं कोरडं, माजं भुईला. मग पाप माजंच म्हणायचं का वं?"

मालकीणबाईंनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात थांबला होता.

हरिभक्तहो, मी लहानपणापासून पाठशाळेत वाढलो. लघुकौमुदी झाली, तर्कसंग्रह झाला, पुढे मुक्तावलीत काही वर्षे घालवली. त्यात हेत्वाभास शिकवतात. एखादा हेतू साध्य असलेल्या ठिकाणीही सापडतो आणि नसलेल्या ठिकाणीही सापडतो, तेव्हा तो हेतू 'सव्यभिचार' होय, त्यावरून अनुमान निघत नाही. धूर पाहून अग्नी सांगता येतो. अग्नी पाहून धूर सांगता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. हे मी शेकडो वेळा घोकले होते. आणि चिखलात बसलेल्या त्या अक्षरशत्रू म्हाताऱ्याने तेच मला शेजारच्या रानाकडे बोट करून सांगितले. ज्याने नेम पाळला त्याचे पडले, ज्याने पाळला नाही त्याचे राहिले. मग बुवा, तुमचा हेतू कुठे गेला? मला उत्तर सुचले नाही. मी नुसता त्यांच्या शेजारी बांधावर बसलो.

आता याचा शास्त्राने विचार करू.

आपल्याकडे ताप तीन मानले. देहामनाचा तो आध्यात्मिक, दुसऱ्या प्राण्यापासून होणारा तो आधिभौतिक, आणि वारा, पाऊस, वीज, ग्रह यांपासून होणारा तो आधिदैविक. वादळ तिसऱ्यात बसते. हे तिन्ही ताप देहाला लागलेलेच आहेत असे शास्त्र सांगते. माळ घातली म्हणून आधिदैविक ताप टळतो असे कोणी सांगितलेले मला तरी आढळले नाही. शेतीवरच्या संकटांना संस्कृतात 'ईति' म्हणतात, आणि त्या सहा सांगतात: अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळ, उंदीर, पोपट आणि सीमेलगतचे राजे. गंमत अशी की या सहांत शेतकऱ्याचे पाप हा सातवा धरलेला नाही. पूर्वजांनी उंदीर मोजले, पोपट मोजले, पण शेतकऱ्याचे पाप मोजत बसले नाहीत. कृषिपाराशर म्हणून शेतीवर एक जुना ग्रंथ आहे. तोही पावसाची लक्षणे, नांगराचे भाग, बियाण्याची निगा, गोठ्याची स्वच्छता अशाच गोष्टींत लक्ष घालतो.

कोणी म्हणेल, बुवा, मग तुम्ही कर्माचा सिद्धांत सोडलात की काय? सोडला नाही. परंतु तो कशासाठी आहे ते ध्यानात घेतले पाहिजे. कर्माचा सिद्धांत ज्याने त्याने रात्री अंथरुणावर पडताना स्वतःला तपासण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या बांधावर जाऊन त्याचा पंचनामा करण्यासाठी नाही. गहना कर्माची गती असे आपण म्हणतो ते का? ती आपल्याला कळत नाही म्हणूनच ना? मग जी कळत नाही तिच्यावरून शेजाऱ्याला दोषी ठरवायचे, आणि तेही व्यासपीठावरून, हार घालून घेऊन?

आणि सगळ्यात मोठे प्रमाण आपल्या तुकोबारायांचेच चरित्र आहे. इ. स. १६३० चा दुष्काळ. पाऊस गेला, धान्य गेले, गुरे गेली. देहूसारख्या गावातले सावकारीचे, महाजनकीचे घर धुळीला मिळाले, पहिली पत्नी उपासमारीत गेली, मुलगा गेला. आता माझ्या परवाच्या कीर्तनाच्या न्यायाने तुकोबांचे पाप किती मोठे म्हणायचे? हे वाक्य लिहितानासुद्धा हात कापतो. मग जे तुकोबांविषयी म्हणायला जीभ धजत नाही ते त्यांच्या वाटेवर एकतीस वर्षे चालणाऱ्या माणसाविषयी मी कसे म्हणालो? त्या दुष्काळातून बाहेर पडल्यावर तुकोबांनी काय केले तेही आठवा. लोकांकडे येणे असलेल्या कर्जाचे कागद, आपल्या वाट्याचे, इंद्रायणीत सोडले. दुष्काळाने लोक का पिडले याची मीमांसा करीत ते बसले नाहीत. पिडलेल्यांच्या मानेवरचे ओझे आपल्या हातून जेवढे उतरेल तेवढे उतरवले.

महिपतींनी त्यांच्या चरित्रात शेत राखण्याची कथा सांगितली आहे ती वाचकांना ठाऊक आहे. पाखरे दाणे खात आहेत आणि राखणदार तुकोबा त्यांना हाकलत नाहीत. मालक पंचांकडे जातो. आपण कीर्तनात ती कथा पुढल्या चमत्कारासाठी सांगतो. मला आता त्यातला मालकही दिसू लागला आहे. त्याचे पोट त्या रानावर होते. तो रागावला यात काही वावगे नव्हते.

असो. तो बांधावरचा प्रसंग अर्धवट राहिला.

मी त्या बाबांना म्हणालो, "बाबा, परवा जे बोललो ते चुकलो. तुमचं पाप नाही. वाऱ्यानं पडली." ते म्हणाले, "वाऱ्यानं तर पडलीच. पर माजीच का?" त्याचे उत्तर मात्र मी जाणत्या शेतकऱ्यांकडून नंतर समजून घेतले, आणि ते इथे सांगितले पाहिजे, कारण ज्याचे कारण कळते त्याचे अर्धे भय जाते.

मालदांडी ही आपल्याकडची फार जुनी, नावाजलेली ज्वारी. दाणा मोत्यासारखा, भाकरी गोड आणि कडबा उत्तम. पण धाट उंच. कणीस भरले की वरचा भार वाढतो. रान ओले होऊन मुळाखालची माती सैल झाली आणि त्यात वारा सुटला की उंच धाट तोल सांभाळू शकत नाही. दुसरे, दाणे भरायच्या वेळेला जमिनीत ओल कमी पडली की बुंध्यात खडखड्या नावाचा रोग शिरतो. धाट आतून पोकळ आणि काळे होते, वरून कळत नाही, आणि साध्या वाऱ्यानेही मोडते. त्या बाबांच्या रानात निम्मी धाटे अशी बुंध्याशी मोडलेली होती. चिरून पाहिली तर आत काळी भुकटी. तिसरे, युरिया जास्त पडला तर धाट फोफावते पण अंगात ताकद नसते. आणि शेजाऱ्याचे म्हणाल, तर त्याने पेरणीच पंधरा दिवस आधी केली होती. त्याच्या विहिरीला पाणी होते, ट्रॅक्टर घरचा होता. बाबांना बैलाच्या सावडीसाठी पाळी येईपर्यंत थांबावे लागले. इथे पाप-पुण्य कुठे आले? पंधरा दिवसांचा फरक, आणि तो दारिद्र्याचा.

देवळात परत आलो तेव्हा पारायण सुरू व्हायची वेळ झाली होती. मी मंडळींपुढे विषय काढला की आज गावाने इर्जिक घालावी. ज्यांची ज्वारी पडली आहे त्यांच्या रानात सगळ्यांनी जावे, दुपारपर्यंत. एक वयस्क गृहस्थ, सप्ताहाचे जुने आधारस्तंभ, म्हणाले, "बुवा, पारायण खंडित होईल. असा प्रकार या गावात कधी झाला नाही." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. नेम मोडायला एक दिवस पुरतो, बसवायला पिढी लागते. पुष्कळ वेळ बोलणे झाले. शेवटी असे ठरले की वीणा उभी राहील, पाहरे बदलत राहतील. पारायणाला व्यासपीठचालक आणि ज्यांना वाकवत नाही अशी म्हातारी माणसे बसतील. बाकी सर्व काकड्यानंतर रानात, आणि रात्रीचे कीर्तन नेमाप्रमाणे. सावता महाराज अरणला आपल्या मळ्यातच देव पाहत राहिले हे आपण दर वर्षी त्यांच्या पुण्यतिथीला सांगतो. एक दिवस तसे वागून पाहायला हरकत नव्हती.

पुढे तीन दिवस जे काम चालले त्यात मी पुष्कळ शिकलो. काही गोष्टी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण हा अंक ज्या घरात जाईल त्यांपैकी पुष्कळ घरांत कडबा आहे.

पहिली गोष्ट, सगळी पडलेली ज्वारी सारखी नसते. दाणा अजून चिकात असेल तर घाईने हात लावू नये. धाट मोडले नसेल, नुसते कलले असेल, तर दोन-चार दिवसांत ते पेरापासून आपोआप वर वळते. माणसाने उचलायला गेले तर उलट मोडते. पण दाणा भरून कडक झाला असेल तर मग वाट बघू नये. ओल्या मातीला टेकलेले कणीस दोन दिवसांत काळे पडते आणि पुढे त्यातच मोड येतात.

एरवी आपण रब्बीची ज्वारी मुळासकट उपटतो. पावसानंतर तसे करू नये असे तिथल्या बायाबापड्यांनीच सांगितले. उपटायला सोपी जाते खरी, पण बुडाला चिखलाचा गड्डा येतो, तो पेंढीत जातो आणि सगळी पेंढी नासते. विळ्याने वीतभर वरून कापावी. कणसे आधी मोडून घ्यावीत, ताडपत्रीवर पातळ पसरावीत, दिवसातून दोन-तीनदा हलवावीत. दाणा दाताखाली धरला की कट्ट वाजला पाहिजे. तोवर पोत्यात भरू नये.

कडब्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे ढगाच्या भीतीने ओल्याची गंज रचणे. माणूस विचार करतो की निदान झाकून तरी ठेवू. आत ऊब धरते, बुरशी चढते आणि पंधरा दिवसांनी गंज उघडली तर आत काळा भुगा. त्यापेक्षा पेंढ्या सैल बांधाव्या, चार-सहा एकमेकींना टेकवून उभ्या कराव्या, खालून वारा खेळू द्यावा. पाऊस पुन्हा आला तरी उभ्या पेंढीवरून पाणी निथळते. आम्ही तीन वाटण्या केल्या. स्वच्छ तो गंजीसाठी. रंग गेलेला पण वास चांगला असलेला तो आधी खाऊ घालायचा. आणि ज्याला कुबट वास आला, हात लावल्यावर धूळ उडाली, तो सरळ उकिरड्यात. इथे फार जणांचा जीव अडकतो. एक बाई पेंढी धुऊन वाळवते म्हणत होत्या. बुरशी धुऊन जात नाही. तसला कडबा खाऊन गाय दूध सोडते, गाभण असेल तर गाभडतेसुद्धा. ज्यांची ज्वारी अजून हिरवी होती त्यांतल्या दोघांनी कुट्टी करून पिशवीत दाबून मुरघास केला. हवा न लागू देता ठेवला तर तो उत्तम टिकतो. चिखल लागलेली धाटे मात्र त्यात घालू नयेत.

आणखी एक, आणि हे विसरू नका. कापलेल्या बुडख्यांना पावसाच्या ओलीने कोवळे हिरवे कोंब फुटतात. चारा नाही म्हणून माणूस जनावर त्यात सोडतो. त्या कोवळ्या पोंग्यांत विष असते. भुकेले जनावर अधाशासारखे खाते आणि तासाभरात पडते. वादळाने कडबा नेला, त्यावर आपल्या हाताने गाय घालवू नये.

सरकारी पंचनाम्याविषयी एवढेच की, ज्याला आपण अजून तलाठीच म्हणतो त्याला त्याच दिवशी कळवावे, उभ्या-आडव्या रानाची छायाचित्रे मोबाइलवर घ्यावीत, चार शेजारी साक्षीला घ्यावेत. पण कोणी येईल म्हणून कडबा चिखलात कुजवीत बसू नये. आणि आभाळ गडगडत असताना ताडपत्री घेऊन रानात धावू नये, झाडाखाली तर मुळीच थांबू नये. वीज पडण्याची सूचना देणारे 'दामिनी' नावाचे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने काढले आहे. घरातल्या पोरांना ते मोबाइलवर घ्यायला सांगा. कडबा पुढच्या वर्षी येतो.

तर असे काम चालले. टाळकरी, पखवाजी, आचारी, शाळेतली पोरे, सगळे ओळीत. मीही एक ओळ धरली. साठी ओलांडलेल्या माणसाने विळा धरला की काय होते ते दुसऱ्या दिवशी तळहाताने सांगितले. त्या रात्री चिपळ्या धरवत नव्हत्या. आणि हे सांगायलाच हवे की ज्याने कधी माळ घातली नाही असे बाबा म्हणत होते तो शेजारी पहाटेच ट्रॅक्टर घेऊन हजर झाला, आपल्या घरच्या दोन ताडपत्र्या त्याने दिल्या आणि बाबांची कणसे स्वतःच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाळत घातली. तो कीर्तनाला मात्र शेवटपर्यंत आला नाही. मी बोलावलेही नाही.

मला लहानपणीचा १९७२ चा दुष्काळ आठवतो. तेव्हा पीक आडवे पडायला मुळात उभेच नव्हते. लाल मिलो खाऊन दिवस काढले. आमच्या दारातला बैल विकायला नेला तेव्हा वडिलांनी त्याच्या पुढ्यात शेवटची पेंढी सोडली आणि ती तो खाऊन होईपर्यंत उभे राहिले. मी तेव्हा अजाण होतो. मला वाटले बाजाराला उशीर का करताहेत. म्हणून गंज म्हणजे काय ते मला कळत होते. कळत असूनही मी ते पापाचे वाक्य बोललो, हे जास्त लागते.

काल्याचे कीर्तनही माझ्याकडेच होते. उभा राहिलो आणि आधी ते वाक्य मागे घेतले. म्हणालो, तिसऱ्या दिवशी मी जे गारांविषयी बोललो त्याला शास्त्राचा आधार नाही, युक्तीचा नाही आणि अनुभवाचाही नाही. ज्यांना ते लागले असेल त्यांच्या पायांवर डोके ठेवतो. मांडवात शांतता झाली. उत्तरपूजा झाल्यावर तेच वयस्क गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "बुवा, असं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. लोकांना धाक राहिला पाहिजे. धाक गेला तर धर्म कशावर राहणार?" मी म्हणालो, "काका, ज्याचं रान पडलंय त्याला अजून कसला धाक घालायचा?" त्यांना ते पटले असे मला वाटत नाही. पुढच्या वर्षी त्या गावच्या सप्ताहाचे निमंत्रण आले नाही. त्याचे वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही.

सगळेच वाचले असेही नाही. बाबांच्या तीन एकरांतला निम्मा कडबा गंजीला लागला, चौथाई लगेच खाऊन संपवावा लागला, उरलेला उकिरड्यात गेला. दाणा काळवंडला, भाव पडून मिळाला. वैशाखात त्यांनी घरची कालवड विकली. त्या साली आषाढी वारी त्यांना पूर्ण करता आली नाही.

पण यवतला भेटले. तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरहून यवतला येते तेव्हा गाव पिठलं-भाकरी करते, हे पायी वारी करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. त्या पंगतीच्या कडेला ते उभे होते. लेकीचे घर त्या बाजूला, एक दिवस पालखीबरोबर वरवंडपर्यंत चालायचे आणि परतायचे असे ठरवून आले होते. हातात भाकरी होती. ती मोडून मला दाखवीत म्हणाले, "बघा बुवा, ही मालदांडीची. पांढरी फेक." मी विचारले, "बाबा, यंदा काय पेरणार? बुटक्या जातीच्या ज्वाऱ्या निघाल्यात म्हणे, त्या पडत नाहीत."

ते म्हणाले, "तिचा कडबा कुठं हुतोय? ढोपराएवढं धाट. जनावरानं काय खावं? न्हाई बुवा, मालदांडीच पेरणार. हस्ताच्या आधी पेरायची तेवढी. त्यो शेजारी ट्रॅक्टर देतो म्हणलाय. आन् युरिया जरा हात राखून."

तेवढ्यात शिंग वाजले आणि दिंड्या उभ्या राहू लागल्या. उरलेली भाकरी त्यांनी पटक्याच्या शेवाला बांधली.